ठेवीदारांच्या कैवाऱ्यांस उपद्रवी ठरविणाऱ्यांना जाहीर जबाब



बँकेच्या ताळेबंदाविषयी जो कोणी उघड प्रश्न विचारील, तो संस्थेची पत घालवितो, लोकांत घबराट पसरवितो आणि अप्रत्यक्षपणे ठेवीदारांचेच नुकसान करतो, असा एक युक्तिवाद संचालकांच्या गोटातून वर्षानुवर्षे केला जात आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की, ज्यांच्या पैशावर ही संचालकपदे भोगली जातात ते ठेवीदारही पुष्कळदा माना डोलावून तो मान्य करतात. या युक्तिवादाचा परामर्श एकदा जाहीरपणे घेणे अवश्य आहे, म्हणून हे पत्रक.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण घ्या. १३७ शाखा, ११,६०० कोटींच्या आसपास ठेवी, आणि एकंदर कर्जवाटपाचा जवळजवळ तीनचतुर्थांश हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाच्या पदरात, अशी त्या बँकेची वस्तुस्थिती होती. ती रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांच्या दृष्टीस पडू नये म्हणून, पोलिसांत दाखल झालेल्या फिर्यादीप्रमाणे, २१,००० हून अधिक बनावट कर्जखाती दप्तरी उभी करण्यात आली होती. त्या सर्व काळात वार्षिक अहवाल छापले जात होते, लेखापरीक्षकांच्या सह्या होत होत्या, लाभांशाचे ठराव मंजूर होत होते आणि ठेवीदारांमध्ये कसलाही बोभाटा नव्हता. तरीही २४ सप्टेंबर २०१९ रोजी त्यांस कळले की, रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे पुढील सहा महिन्यांत आपल्या खात्यातून एकंदर १,००० रुपयांहून अधिक रक्कम काढता येणार नाही. पत घालविली कोणी, प्रश्न विचारणाऱ्यांनी की उत्तरे दडपणाऱ्यांनी?

त्यानंतर जे घडले ते नीट ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गृहिणी, निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध, लहान दुकानदार, ज्यांच्या इमारतीच्या दुरुस्तीचा निधी त्या बँकेत अडकला होता असे गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस, ही सारी मंडळी, ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती ती, रिझर्व्ह बँकेच्या दारी उभी राहिली, न्यायालयात गेली, ऑक्टोबरात मुंबईस आलेल्या अर्थमंत्र्यांस गाठून त्यांनी आपले गाऱ्हाणे घातले. रक्कम काढण्याची मर्यादा १,००० वरून १०,००० वर आणि पायरीपायरीने जून २०२० मध्ये १ लाखावर गेली, ती या तगाद्यानंतर. ठेवींवरील विम्याचे संरक्षण १९९३ पासून १ लाखावर गोठले होते. मधल्या सत्तावीस वर्षांत किमती कोठल्या कोठे गेल्या तरी कोणाही सरकारास ते वाढवावेसे वाटले नाही. ते ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाले. पुढे ठेव विम्याच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. तत्पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत ठेवीदाराने ताटकळत राहावे, अशी रीत होती; पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार फेब्रुवारी २०१३ पासून तसेच ताटकळले होते.

मुळात हा विमासुद्धा अशाच विध्वंसातून जन्मास आला. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा कोठे १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले, आणि तेही १,५०० रुपयांच्या संरक्षणाने. या देशात ठेवीदारास जे जे मिळाले ते त्याची आधी पुरती नागवणूक झाल्यावर मिळाले आहे. आजही ५ लाखांपलीकडच्या ठेवीची अवस्था पाहा: पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या जानेवारी २०२२ च्या विलीनीकरणाच्या योजनेत मोठ्या ठेवीदाराचा अखेरचा हप्ता दहा वर्षांनी, पाच वर्षे बिनव्याजी, नंतर व्याज २.७५ टक्के. सत्तरीच्या माणसास दहा वर्षांचा वायदा देणाऱ्या या योजनेस पुनर्रचना म्हणतात!

जो बोलतो त्यास मात्र खर्च ताबडतोब भरावा लागतो. ज्या पत्रकार सुचेता दलाल यांनी एप्रिल १९९२ मध्ये रोख्यांच्या व्यवहारांतील स्टेट बँकेच्या ५०० कोटींचे प्रकरण उघडकीस आणले, त्यांच्या व देबाशीष बसू यांच्या ‘मनीलाइफ’ या नियतकालिकाने २०१५ साली राष्ट्रीय शेअर बाजारातील काही दलालांस भाव इतरांआधी कळतात, असा आरोप करणारे एक निनावी पत्र प्रसिद्ध केले. बाजाराने १०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा गुदरला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ९ सप्टेंबर २०१५ रोजी मनाई नाकारली आणि उलट बाजारासच ५० लाखांचा भुर्दंड बसविला. पुढे मार्च २०२२ मध्ये बाजाराच्या माजी व्यवस्थापकीय संचालिकेस त्याच प्रकरणात अटक झाली. त्या खटल्याचा निर्णय न्यायासनाने द्यावयाचा आहे, तो येथे आम्ही देऊ इच्छीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा हा प्रयत्न न्यायालयाच्या कणखरपणामुळे फसला, आणि असा न्यायाधीश लाभण्याचे व वकील परवडण्याचे भाग्य प्रत्येक ठेवीदाराच्या कपाळी नसते. जागल्यांच्या संरक्षणाचा म्हणून जो कायदा २०१४ साली संमत झाला, तो लोकसेवकांच्या गैरव्यवहारांपुरताच आहे, आणि तोही आजतागायत अमलात आलेला नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. सहकारी बँकेत ज्यास कर्ज हवे त्यास भाग घ्यावे लागतात. पूर्वापार नियमाने तारणी कर्जास अडीच टक्के, विनातारणी कर्जास पाच टक्के. भाग घेतला की मत आले. ठेवीदारास भाग घेण्याची सक्ती नाही, म्हणून बहुतेक ठेवीदारांस मतही नाही. परिणामी, ज्यांनी पैसे नेले ते संचालक निवडतात आणि ज्यांनी पैसे आणले ते खिडकीपाशी रांगेत उभे राहतात. रिझर्व्ह बँकेनेच नेमलेल्या मालेगाम समितीने स्वतंत्र व्यवस्थापन मंडळाची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने ती १०० कोटींवरील ठेवींच्या बँकांस लागू केली डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे वर सांगितलेला अनर्थ होऊन गेल्यावर. परंतु मंडळावर तज्ज्ञ नेमल्याने मत नसलेल्यास मत मिळत नाही. ठेवीदारांनी निवडलेले प्रतिनिधी संचालक मंडळात बसलेच पाहिजेत, आणि पहिल्या वीस मोठ्या कर्जदारांची नावे व थकबाकी वार्षिक सभेत वाचली गेलीच पाहिजेत, अशी आमची मागणी आहे. गोपनीयतेची सबब आम्हांस सांगू नये. बँकांची माहिती दडविण्याचा रिझर्व्ह बँकेचा दावा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्येच फेटाळला आहे.

तोवर आपण काय करावे? ज्या सहकारी बँकेत आपली ठेव आहे, तिचा एक तरी भाग घेऊन सभासद व्हावे. अर्ज नाकारला गेल्यास निबंधकांकडे दाद मागावी. प्रश्न लेखी विचारावे, पोच घ्यावी, आणि एक प्रत रिझर्व्ह बँकेस धाडावी. जे आपल्यासाठी कोर्टकचेऱ्या करतात त्यांच्या खर्चास यथाशक्ति हातभार लावावा. हे पत्रक कोणीही, आमची परवानगी न घेता, छापून वाटावे.