फुकटचे इंजिन कितीला पडते?



परभणी तालुक्यातल्या पेडगावहून एका शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकले आणि आता घरीच एक छोटी चारचाकी बांधायला बसले आहेत. लोखंडी अँगलचा सांगाडा जोडून झाला. गाडीला टप नाही, दारे नाहीत, आणि पुढे इंजिन उघडे दिसलेच पाहिजे, असा हट्ट आहे. वडील लिहितात, "दिसायला कशीही असो, शेतातले खत आणि कापूस वाहील अशी असावी. विहिरीवर विजेची मोटर बसली तेव्हापासून पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन गोठ्यात पडून आहे. ते बसवले तर इंजिन फुकटात होते. मुलगा म्हणतो, मोटारसायकलचे बसवू. त्याची आई म्हणते, आधी पेरणीचे पैसे बाजूला काढा, मग काय करायचे ते करा. आम्ही काय करावे?"

दादा, पहिले उत्तर असे की घरच्या बाईंचे ऐका. बी-खताचा पैसा या कामाला लावू नये. असली गाडी ठरल्या पैशात कधीच होत नाही. राहिलेल्या रकमेत काय बसते, तेवढेच पाहू.

हा नाद काही पेडगावच्या पोरालाच लागलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातली तरुण पोरे 1930 च्या सुमारास फोर्डच्या जुन्या गाड्या विकत घेत, त्यांचे पत्रे उतरवत आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवत. 1932 साली फोर्डने आठ सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे इंजिन स्वस्त गाडीत दिले. पुढे त्या गाड्या भंगारात आल्या तशी पोरांनी तीच इंजिने उचलली. त्याहून भारी इंजिने होती, पण गावोगावच्या भंगारात सापडेल, सुटा भाग मिळेल आणि कोणालाही खोलता येईल असे ते इंजिन होते. आपल्यालाही हीच कसोटी लावायची आहे.

आता गोठ्यातल्या इंजिनाकडे वळू. पाण्याचे इंजिन मिनिटाला साधारण 1500 फेरे फिरते आणि त्याचा गव्हर्नर ते फेरे तेवढेच राखतो. पंपाला तेच हवे असते. गाडीला मात्र उभ्याने उचलायचे असते, चढ चढायचा असतो, मागे यायचे असते. हिशेब करून पाहा. अर्ध्या मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे दीड मीटर जाते. ताशी 15 किलोमीटर वेगाला ते मिनिटात 160 फेरे घेईल. म्हणजे इंजिनाचे नऊ-साडेनऊ फेरे झाले की चाकाचा एक झाला पाहिजे. हे काम गिअरबॉक्सचे. ती गिअरबॉक्स, क्लच, मागच्या धुऱ्यावरचे डिफरन्शियल, मधला दांडा, हे सगळे वेगवेगळ्या ठिकाणाहून आणायचे आणि लेथवर एकमेकांना जुळवायचे. शिवाय पाणी फिरवून गार होणारे इंजिन असेल तर विहिरीचे पाणी गाडीबरोबर येत नाही. टाकी नाहीतर रेडिएटर लावावा लागतो. तुमचे इंजिन जुन्या पद्धतीचे, मोठ्या चाकांचे मंदगती असेल तर वजन आणि हादरे आणखी वेगळे. उत्तर हिंदुस्थानात अशा इंजिनांवर 'जुगाड' गाड्या पुष्कळ चालल्या, हे खरे. पण तुमचे इंजिन फुकट असले तरी त्याचे सोयरे फुकट येत नाहीत.

मीही हे भोगले आहे. एकदा स्वस्तात मिळाले म्हणून एक इंजिन बाजारातून उचलले. ते चालू होते, त्यात खोटे नव्हते. पण त्याला जुळेल अशी गिअरबॉक्स शोधण्यात एक उन्हाळा गेला आणि लेथवाल्याचे बिल इंजिनापेक्षा जास्त झाले. शेवटी ते कडबा कापायच्या यंत्राला लावले.

मुलाचे म्हणणे मोटारसायकलचे. शंभर सीसीच्या मोटारसायकलीलाही सुमारे आठ अश्वशक्ती असते, मग पाचापेक्षा आठ बरे नाही का? इथेच पुष्कळ जण फसतात. ते आठ घोडे मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपास जमा होतात. दांड्यावरची ओढ, ज्याला मिस्त्री टॉर्क म्हणतात, ती पाहिली तर तुमच्या पाण्याच्या इंजिनाची ओढ तिच्या जवळजवळ तिप्पट भरते. शंकरपटातली जोडी वेगळी आणि काळ्या रानात नांगर ओढणारी लाल कंधारी जोडी वेगळी. मोटारसायकलीला मागचा गिअर नसतो, आणि तिचे इंजिन पळताना लागणाऱ्या वाऱ्याने गार होते. खताच्या ओझ्याने गाडी रांगत चालली की वारा नाही, आणि इंजिन तापून धरते. एकट्याने बांधावरून फिरायचे असेल तर ते ठीक आहे. ओझ्याला नको.

माझा कौल डिझेल मालरिक्षाच्या इंजिनाला. बारामतीला बनणारी आपे रिक्षा तुमच्या ओळखीची आहे. तिच्या जुन्या गाड्यांत एका सिलिंडरचे, चारशे सीसीच्या आसपासचे, सात-आठ अश्वशक्तीचे, हवेने गार होणारे डिझेल इंजिन येई. मुख्य गोष्ट अशी की इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात मिळते, आणि त्यात मागचा गिअर असतो. तालुक्याच्या गावी तिचा मिस्त्री सापडतो. म्हणून नुसते इंजिन घेऊ नका. शक्य तर मोडीत निघालेली अख्खी रिक्षा घ्या: चाकाचे दांडे, ब्रेक, केबली, डिझेलची टाकी, वायरिंग, सगळे त्यात आले. इंजिन थोडे महाग वाटेल, पण गाडी स्वस्तात उभी राहील.

यातही दोन गोष्टी ध्यानात धरा. या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो आणि पंख्याचा वारा सिलिंडरवर नेणारे पत्र्याचे आवरण असते. इंजिन उघडे दिसावे म्हणून चिरंजीव ते काढतील. काढू देऊ नका, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पिस्टन धरेल. दुसरे, रिक्षाची चाके लहान असतात, ती पावसाळ्यात काळ्या मातीत रुततात. चाके मोठी टाकली तर वेग वाढेल पण ओढ तेवढीच घटेल.

याहून मोठे काही करायचेच असेल तर मारुती ओम्नी पाहावी. तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मारुती 800 च्या घराण्यातले. पण 800 मध्ये ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. ओम्नीत ते उभे असून दांड्याने मागचा धुरा फिरवते. आपल्या सांगाड्याला ओम्नीची मांडणी सोपी. मात्र ते पेट्रोलवर चालते, आणि रेडिएटर सांभाळावा लागतो.

जुने इंजिन घेताना ते थंड असतानाच जा. आधी तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही, किंवा पाण्याने गार होणारे इंजिन असेल तर आत पाणी शिरते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. तो बहुधा थोडक्यात सुधारतो. ऑइलचे झाकण काढल्यावर भकाभक धूर आला तर रिंगा गेल्या. पाण्याच्या इंजिनात ऑइल दुधासारखे दिसले तर हात जोडून परत फिरा. पावतीवर इंजिनाचा नंबर लिहून घ्या आणि मूळ गाडीच्या कागदांची नक्कल मागा. चोरीचे इंजिन स्वस्तच मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून सुमारे साठ हजारांत छोटी जीप बनवली, ती 2021 च्या डिसेंबरात देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, असेही बजावले, आणि तिच्या बदल्यात 2022 च्या जानेवारीत लोहारांना नवी बोलेरो दिली. प्रत्येकाला असा गिऱ्हाईक भेटत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी होणे महाकठीण. विमा नसताना रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर शेत विकायची पाळी येईल. तेव्हा गाडी आपल्या शेतातल्या शेतात ठेवा. परभणीला नेण्यासाठी नाही. आणि कापूस वेचणीच्या बायांना तिच्यावर बसवून आणायचे नाही, कितीही ऊन असले तरी.

चिरंजिवांना एक निरोप सांगा. बाबा, तुझा हात चालतो आहे, तो थांबवू नकोस. गाडीचा कागदावर आराखडा काढ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात कोणा जाणत्याला दाखव. आणि काम उलट्या बाजूने सुरू कर. आधी ब्रेक बसव. भरल्या गाडीला उतारावर ढकलून दे आणि ती हव्या त्या जागी थांबते का ते पाहा. थांबली तर इंजिन आणायला जा. नाही थांबली तर इंजिनाचे पैसे आईजवळ ठेवायला दे.

दादा, गोठ्यातले इंजिन विकू नका. ऐन हंगामात वीज गेली की विहिरीवर तेच उभे राहील. त्याची जागा तीच आहे.