माळ्यावरचे बिऱ्हाड

मनमाडच्या दक्षिणेस अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आहेत. तेथील डोंगरात प्राचीन लेणी कोरलेली आहेत. अशा गुहा, कपारी आणि झाडांच्या ढोली ही वटवाघळांची आवडती वसतिस्थाने होत. गावातील जुन्या घराच्या माळ्यावरही त्यांना तसाच शांत काळोख लाभतो; म्हणून ती तेथे बिऱ्हाड थाटतात.

मग घरात एकच ओरड होते. कोणी त्यांना अशुभ म्हणतो, कोणी धुरी देतो, तर कोणी काठी उगारतो. हे योग्य नव्हे. वटवाघूळ हा पक्षी नसून सस्तन प्राणी आहे. मादी पिलास अंगावर पाजते. घरात राहणारी लहान वटवाघळे बहुधा कीटकभक्षी असतात. रात्री ती डासही टिपतात.

तथापि माळ्यावर घाण साचू देणेही बरे नव्हे. यावर उपाय आहे. पिले उडू लागेपर्यंत काही आठवडे धीर धरावा. नंतर फटीवर बारीक जाळी टांगून तिची खालची कड मोकळी सोडावी. वटवाघळे तिच्याखालून बाहेर पडतात, पण त्यांना परत आत शिरता येत नाही. काही रात्रींनी माळा रिकामा झाल्याची खात्री करून फट बुजवावी. घाईने आधीच बुजविली, तर आई बाहेर राहते आणि पिले आत उपाशी मरतात.

हे काम जाणत्यांचे आहे. मुलांनी वटवाघळास हात लावू नये. त्याच्या चाव्याने रेबीज होऊ शकतो.

घर माणसाचे, हे खरे. परंतु ते मोकळे करण्यासाठी कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. थोडा धीर पुरेसा असतो.