खपवून घेणे आणि सोसणे



गेल्या हिवाळ्यात नामपूरला जाण्याचा योग आला. मोसम नदीच्या खोऱ्यात त्या वेळी कांदा लागवडीची घाई चालली होती. मजुरांच्या टोळ्या उजाडण्यापूर्वीच शेताकडे निघत. ज्या बौद्ध कुटुंबात मी उतरलो होतो, तेथील आईबाप दोघेही अशाच एका टोळीत होते. त्यांचा सहावीतला मुलगा धाकट्या बहिणीला आवरून, अंगणवाडी उघडली की तिला तेथे सोडून मग शाळेत पळे. त्यामुळे त्याला रोज थोडा उशीर होई. त्याच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले होते की शिस्तभंग खपवून घेतला जाणार नाही. या नियमापायी तो मुलगा तीन दिवस वर्गाच्या दाराबाहेर उभा होता. आत गणित चालले होते आणि तो बाहेरून ऐकत होता.

त्याची आई मला म्हणाली, "दादा, चूक पोराचीच आहे. नियम तो नियम."

परंतु त्याच मुलाने संध्याकाळी आणखी एक गोष्ट सांगितली. वर्गातील काही मुले त्याला नावाने न हाकारता जुन्या जातीच्या नावाने हाकारतात. त्याने शिक्षकांकडे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की मनावर घेऊ नकोस, थोडे सहन करायला शीक. वाचकहो, येथे आपण क्षणभर थांबावे. घंटेनंतर दहा मिनिटांनी आलेले मूल ज्या शाळेला सहन होत नाही, तीच शाळा त्या मुलाला अपमान सहन करण्याचा उपदेश करते!

या धोरणाला इंग्रजी जाणणारे लोक झिरो टॉलरन्स म्हणतात. म्हणजे चूक लहान असो वा मोठी, कारण कोणतेही असो, शिक्षा ठरलेली. अमेरिकेने १९९४ साली शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षभर काढून टाकण्याचा कायदा केला. बंदुकीपुरता तो समजण्यासारखा होता. परंतु पुढे तोच खाक्या उद्धट उत्तरालाही लागू झाला. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने २००६ साली निष्कर्ष दिला की या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही. आणि २०१४ साली तेथील सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत कृष्णवर्णीय मुलांना शाळेबाहेर काढण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या तिप्पट निघाले. नियम सर्वांना सारखा होता, पण तो ज्यांच्या हाती होता त्यांची नजर सर्वांवर सारखी नव्हती. आपणांस हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे छडी जुनीच आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतील ६,६३२ मुलांना विचारले तेव्हा आपल्याला कोणतीच शिक्षा झाली नाही असे सांगणारी मुले केवळ नऊ निघाली. कायदा मात्र मुलाच्या बाजूस उभा आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई करते. सोळाव्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत अनुत्तीर्ण करण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची नव्हे. तीन दिवस दाराबाहेर उभे करणे हा मानसिक छळ नव्हे, तर दुसरे काय?

आता कोणी म्हणेल, आपण तर बुद्धाचे अनुयायी, आपण शिस्तीच्या विरुद्ध कसे बोलावे? मी शिस्तीच्या विरुद्ध बोलत नाही. भगवंतांनी संघाला जे नियम घालून दिले त्यांचे नावच विनय आहे. परंतु तो विनय घडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. नियम आधी लिहून भिंतीवर टांगले गेले नाहीत. एखादा प्रसंग घडे, तो भगवंतांच्या कानी जाई, ते त्या भिक्षूला समोर बोलावून खरे काय ते विचारीत आणि मग नियम होई. ज्याच्या कृतीवरून नियम झाला त्या पहिल्या भिक्षूस त्या नियमाखाली दोषी धरीत नसत. हेतू पाहिला जाई. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या गैरहजेरीत निवाडा होत नसे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूला जे विचारले जात होते, ते नामपूरच्या मुलास कोणीही विचारले नाही: बाळ, तुला उशीर का होतो?

बाबासाहेबांच्या बालपणी साताऱ्याच्या शाळेत दोन्ही गोष्टी घडल्या. बसण्यासाठी घरून आणलेले तरटाचे पोते, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी, हे आपण सारे जाणतो. पण तेथेच पेंडसे नावाचे एक शिक्षक होते. लहानपणी हट्टी असलेले बाबासाहेब एकदा मुद्दाम भर पावसात, छत्री न घेता, चिंब भिजून वर्गात आले. गुरुजींनी त्यांस छडी मारली नाही की दाराबाहेर उभे केले नाही. त्यांनी आपल्या मुलाबरोबर त्यांना घरी धाडले, ऊन पाण्याने आंघोळ घालविली आणि ओले कपडे वाळत घालविले. लंगोटीवर वर्गात बसण्याची लाज वाटली, हट्टाची किंमत मुलाला कळली, पण मुलगा शाळेबाहेर गेला नाही. मोठेपणी बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः सांगितली आहे.

पेंडसे गुरुजींनी जे केले त्यास क्षांती म्हणावे. आपण ज्या दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा घेतली त्यांत ती आहे. ज्याच्या हाती शिक्षा करण्याचे बळ आहे त्याने हात आवरणे ही क्षांती होय. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने मुकाट्याने अपमान गिळणे हे सोसणे होय, आणि ते तर आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. त्यालाच सहिष्णुता म्हणून आपल्या मुलांच्या गळ्यात बांधू नये. याच नाशकात १९३० साली काळारामाच्या दारी आपली माणसे ठाण मांडून बसली, आणि याच जिल्ह्यात येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. न सोसण्याचा तो निर्णय होता.

तेव्हा कठोरपणा हवाच असेल तर तो कोठे हवा? जातीवरून हाक मारण्यास शाळेत क्षणाचीही मुभा नको. मुलांच्या अंगाला वाईट हेतूने हात लावणाऱ्या मोठ्या माणसास मुभा नको. २०२४ साली बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे घडले ते आपण विसरलेलो नाही. उशीर, विसरलेली वही, मळका गणवेश, वर्गात तोंडून गेलेला अहिराणी शब्द, ही मात्र मुलाची चूक असलीच तर शिकविण्याची जागा आहे. (अहिराणी बोलणे ही चूक कशी, हे मला तरी कळलेले नाही.)

आपल्या घरातही डोकावू या. "गुरुजी, मारा पण शिकवा," असे आपणच सांगून येतो. परीक्षेत गुण कमी पडले की पट्टा काढणारे बाप मी बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत पाहिले आहेत.

काही नवदीक्षित कुटुंबांना भीती वाटते की धर्म बदलला, आता तक्रार कोणत्या तोंडाने करावी. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातींत समावेश १९९० सालीच झालेला आहे. शिवाय शिक्षण हक्काची तक्रार करावयास जात विचारली जात नाही. ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा. त्याआधी शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयाच्या असतात, आणि दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा मिळावयाची असते. त्या जागा बहुधा रिकाम्या राहतात, कारण सभेच्या दिवशी आपण रोजावर असतो.

नामपूरच्या त्या माउलीने एक दिवसाचा रोज बुडविला आणि ती सभेस गेली. लागवडीच्या दिवसांत हजेरी परिपाठानंतर घ्यावी आणि जातीवरून हाक मारणाऱ्या मुलांच्या पालकांस बोलवावे, एवढेच तिने मागितले. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीवर पुढच्या सभेत बोलू, असे तिला सांगण्यात आले आहे. पुढच्या सभेस वस्तीतील आणखी चार बाया तिच्याबरोबर जाणार आहेत.