कार्पेंटर मावशी

२६ फेब्रुवारी आली की पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशींची आठवण निघते. १८८७ साली याच दिवशी, याच शहरात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पती गोपाळरावांचा हट्ट, वैद्यकीचं सातासमुद्रापारचं शिक्षण, कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच आलेला मृत्यू ही कहाणी श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’मुळे घरोघरी पोचली आणि २०१९च्या चित्रपटाने ती नव्या पिढीलाही सांगितली. या कहाणीत एक बाई मात्र कायम कडेला राहते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. या मावशींचं देणं पुण्यावर आहे आणि ते आपण अजून फेडलेलं नाही.

या मैत्रीची सुरुवात मुळातून पाहण्यासारखी आहे. बायकोच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत व्हावी म्हणून गोपाळरावांनी १८७८मध्ये वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर यांनी ते आपल्या नियतकालिकात छापलं आणि सोबत सल्ला दिला की, आधी ख्रिस्ती व्हा. तो अंक १८८०मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडला. त्यांनी पत्र वाचलं आणि कधी न पाहिलेल्या त्या मुलीला लिहायला घेतलं. मदतीचा हात पुढे केला, पण धर्म बदलण्याची अट घातली नाही. ज्या पानावर अट छापली होती, तेच पान वाचून एका बाईने बिनअटीची मैत्री केली.

पुढे जे घडलं ते याच विश्वासावर. २४ फेब्रुवारी १८८३ला सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी भरल्या सभागृहाला सांगितलं होतं की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. त्यांना कुणी प्रतिनिधी म्हणून निवडलं नव्हतं. उलट त्यांच्या जाण्यावर टीकाच जास्त झाली. तरीही एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसताना आपल्या माणसांची लाज राखायची जबाबदारी त्यांनी आपणहून डोक्यावर घेतली. परक्या देशात एकटीने राहायचं, आपण चुकलो तर नाव आपल्या एकटीचं जाणार नाही हे जाणून राहायचं, हा भार लहान नाही.

मावशींनी तो भार ओळखला. रोझेलच्या घरात आनंदीबाई लुगड्यात वावरल्या, शाकाहार सांभाळला, पाहुण्यांना बोलावून मराठी पद्धतीचा स्वयंपाक करून वाढला. ‘आता आमच्यासारखी हो’ असा धोशा त्या घरात कुणी लावला नाही. पुढे फिलाडेल्फियात वैद्यकी शिकताना तिथल्या थंडीत त्यांची तब्येत ढासळत गेली, तेव्हा पत्रांतून धीर देणारं आणि सुट्टीत हक्काने उघडणारं दार तेच होतं. परदेशात आपल्या समाजाचं नाव राखणाऱ्या माणसाला टाळ्यांपेक्षा अशा एका घराची गरज असते.

आनंदीबाईंनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. हा विषय आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. शिकायला गेलेली मुलगी आपल्याकडचं ज्ञानही बरोबर घेऊन गेली होती आणि ते परीक्षकांसमोर ठेवायला संकोचली नाही. ११ मार्च १८८६ला त्या पदवीधर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. एका मराठी बाईचा गौरव पाहायला दुसरी मराठी बाई महासागर ओलांडून येते, हे पुण्याने आणखी अभिमानाने सांगायला हवं.

नोव्हेंबरमध्ये आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. त्यांच्या मृत्यूनंतर गोपाळरावांनी रक्षा मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पुकीप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत मावशींनी आपल्या घराण्याच्या जागेत ती रक्षा ठेवली आणि वर दगड उभारला. त्यावर नाव आहे, ‘एम. डी.’ ही पदवी आहे, १८६५ आणि १८८७ ही सालं आहेत, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद आहे. जातीचा तो उल्लेख आज खटकतो. ज्या शहरात भिडेवाड्यात १८४८मध्ये सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्या शहराने तरी आनंदीबाईंना एका जातीपुरतं ठेवू नये. पण दगड बसवणाऱ्या बाईचं मन त्यात मोजावं. वेगळ्या धर्माची, वेगळ्या देशाची मैत्रीण आणि तिला जागा दिली ती आपल्या घरच्या माणसांशेजारी! याहून मोठा सन्मान कोणता?

आज पुण्यातल्या कितीतरी घरांतली मुलगी किंवा सून परदेशात आहे. त्यांतल्या अनेकजणी कामधंदा सांभाळून रविवारी मराठी शाळा चालवतात, महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसवतात, शेजाऱ्यांना आपल्या सणांचा अर्थ समजावतात. त्यांचं कौतुक आपण करतोच. पण त्यांच्या पाठीशी उभी राहणारी तिथली एखादी शेजारीण, एखादी सहकारी यांची आपण विचारपूस करतो का? मुलीकडे जाल तेव्हा तिच्या त्या मैत्रिणीला मुद्दाम भेटा, घरी जेवायला बोलवा, तिचे आभार तोंडाने माना.

आणि पुणेकरांना दोन विनंत्या आहेत. आनंदीबाईंच्या नावाने या शहरात जिथे जिथे कार्यक्रम होईल, फलक लागेल, धडा शिकवला जाईल, तिथे थिओडिशिया कार्पेंटर हे नाव सोबत असू द्या. दुसरी विनंती न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे मुलाबाळांना भेटायला जाणाऱ्यांना. नायगारा पाहाल तसा एक दिवस पुकीप्सीसाठी ठेवा. न्यूयॉर्कहून थेट आगगाडी जाते. आनंदीबाईंच्या दगडावर फूल वाहा आणि एक मावशींसाठीही न्या.