अपघातातली गाडी घाईने भंगारात देऊ नका!



अपघात झाला की पंचनामा होतो, विम्याचा सर्व्हेअर येतो, गाडी 'टोटल लॉस' ठरते आणि सांगाडा भंगारात जातो. घरचे तेव्हा दवाखान्यात असतात. एअरबॅग का उघडली नाही, हे विचारायचे सुचते तोवर पुरावाच उरलेला नसतो. म्हणून हे आवाहन.

नोव्हेंबर 2017 मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर एका ह्युंदाई क्रेटाला अपघात झाला. मालकाच्या डोक्याला, छातीला, दातांना मार लागला. एअरबॅग उघडल्याच नाहीत. समोरून बसलेला धक्का तेवढा जोराचा नव्हता, असे कंपनीचे म्हणणे. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. वेगाची आणि बलाची गणिते मांडून टक्कर किती जोराची होती हे काढत बसणे ग्राहकाचे काम नव्हे, असे सांगून न्यायालयाने भरपाईचा आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. एका ग्राहकाने चिकाटी धरली म्हणून हे झाले.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात रचनेतल्या दोषामुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आपण पट्टा लावायलाच हवा, वेग आवरायलाच हवा. पण चूक कोणाचीही असो, टक्कर झाल्यावर माणूस वाचावा यासाठीच तर एअरबॅग असते! ती उघडली नाही तर जाब कंपनीलाच विचारला पाहिजे.

तेव्हा, गाडी हलवण्याआधी स्टिअरिंग, पट्टे, सीट, पुढचा भाग यांचे भरपूर फोटो काढा. तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत गाडी विमा कंपनीच्या किंवा गॅरेजच्या ताब्यात कायमची देऊ नका. तसे लेखी कळवा. सर्व्हिसिंगची बिले आणि दवाखान्याचे कागद जपा. ग्राहक आयोगात तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा वेगळा, ग्राहक आयोगातली ही तक्रार वेगळी.

भरपाई नको असली तरीही तक्रार नोंदवाच. एकाच मॉडेलच्या ठरावीक प्रमाणातल्या मालकांनी दोष कळवला, तर मोटार वाहन कायद्यानुसार केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकते. सरकारकडे नोंदवलेली तुमची एक तक्रार त्या मोजणीत धरली जाऊ शकते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तो आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.