डिकीवरचा आकडा

दिवाळीचा पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. सोनाराच्या पेढीवर असते तशी गर्दी हल्ली ह्या दिवशी मोटारींच्या दुकानांतही असते. गेल्या काही वर्षांत तिथे एक नवी हौस दिसू लागली आहे: आकाराने बेताची, पण घराण्याने मोठी अशी मोटार. मर्सिडीझची ए-क्लास किंवा सी-क्लास, बीएमडब्ल्यूची थ्री सीरीज, ऑडीची ए-फोर. जन्मभर नोकरी केलेल्या जोडप्याच्या मनात येते, मुले मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले, आता एकदा घेऊन टाकावी. ह्या इच्छेला मी मुळीच नावे ठेवणार नाही. पण पुंजी वर्षानुवर्षांची असते. ती कशापायी मोजली, हे आपले आपल्याला कळले पाहिजे.

मोटारीच्या यंत्रातला मी जाणकार नव्हे. माझा धंदा शब्दांचा. वर्गात मी अभिधा आणि व्यंजना शिकवतो. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा, आणि तो नुसता सुचवतो ती व्यंजना. मोटारींची माहितीपत्रके वाचली तर तिथेही हेच प्रकरण चाललेले दिसते!

आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट अकराशे आठवा. इंजिन १०८९ सीसीचे, नाव ११००. ही अभिधा. १९७५ साली बीएमडब्ल्यूची थ्री सीरीज निघाली, तेव्हा ३१६, ३१८ आणि ३२० ह्या नावांतले शेवटचे दोन आकडे इंजिनाचे माप सांगत: १.६, १.८ आणि २ लिटर. गिऱ्हाइकाने डिकीवरचा आकडा वाचावा आणि निश्चिंत व्हावे.

१९८२ साली मर्सिडीझने धाकटी मोटार काढली आणि तिचे नाव १९० ठेवले. इंजिन होते १९९७ सीसीचे, म्हणजे चांगले दोन लिटरचे. मग २०० का नाही? कारण ते नाव घरातल्या थोरल्या मोटारीकडे आधीच होते. धाकट्याने थोरल्याची पगडी घालू नये, हा शिष्टाचार जर्मनीतही आहे म्हणायचा! ह्याच १९९७ सीसीच्या इंजिनाला कार्बुरेटर असला की शक्ती ९० अश्वशक्ती. इंजेक्शन असले की १२२, आणि नावापुढे एक ई. एवढ्याशा अक्षरात बत्तीस घोडे!

आता तर व्यंजनेचेच राज्य आहे. २०१८ साली आलेल्या थ्री सीरीजमध्ये ३२०आय आणि ३३०आय ह्या दोघींचे इंजिन १९९८ सीसीचेच. एकीची शक्ती १८४, दुसरीची २५८. भारतात २०२२ साली आलेल्या सी-२०० चे इंजिन १४९६ सीसीचे, तरी शक्ती २०४. ही किमया टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो जादा हवा आत कोंबतो. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि म्हणून जोरही जास्त. लहान इंजिन म्हणजे दुबळे इंजिन हे समीकरण त्यामुळे मोडले. फसवणूक ह्यात नाही. मात्र डिकीवरचा आकडा आता माप सांगत नाही, मानाची पायरी सांगतो.

ह्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. २०२१ साली भारतात आलेल्या ए-क्लास लिमोझीनचे १३३२ सीसीचे, १६३ अश्वशक्तीचे इंजिन मर्सिडीझने रेनो-निस्सानशी मिळून घडवलेले. त्याच कुळातले १५६ अश्वशक्तीचे इंजिन २०२० साली रेनोच्या डस्टरमध्ये आले होते. दोन्ही मोटारींच्या किमतींत जवळजवळ तिपटीचे अंतर. म्हणजे उरलेले पैसे पाण्यात गेले का? नाही. गिअरबॉक्स वेगळा, आतली शांतता वेगळी, बैठक वेगळी, आणि नाव तर वेगळेच. पण इंजिनासाठी आपण एवढे मोजले, असे कुणी समजू नये.

साजाचीही हीच कथा. बीएमडब्ल्यूचे एम स्पोर्ट, ऑडीचे एस लाईन, मर्सिडीझचे एएमजी लाईन ही नावे शर्यतीची आठवण करून देतात. साज देखणा असतो. चाके, बंपर, स्टिअरिंग, सगळे झोकदार. पण त्याने इंजिनात एका अश्वशक्तीचीही भर पडत नाही. तो अलंकार आहे. अलंकार हौसेने घालावा, पण त्यालाच अर्थ मानू नये.

काही वस्तू मात्र अलंकारांच्या यादीत बसवल्या जातात आणि खरे तर अर्थ असतात. १९९७ साली स्वीडनमधल्या एका नियतकालिकाने नव्या ए-क्लासची परीक्षा घेतली. रस्त्यात अचानक जनावर आडवे आले तर जशी मोटार वळवावी लागते, तशी ती वळवली आणि ती उलटली. त्या वेळी घसरती मोटार सावरणारी ईएसपी नावाची यंत्रणा मोठ्या मोटारींचे भूषण होती. मर्सिडीझने ती ह्या सर्वांत धाकट्या मोटारीला सरसकट बसवली. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही ब्रेकची यंत्रणा १९७८ साली मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये जादा पैसे मोजून मिळे. आपल्याकडे ती सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली २०१९ साली. श्रीमंताचे भूषण सर्वांचा हक्क व्हायला चाळीस वर्षे लागली.

म्हणून वाचकहो, किमतीचा कागद हाती आला की आधी नावावर बोट ठेवून ते झाकावे. मग विचारावे: सीसी किती, शक्ती किती? बेस मॉडेलमध्ये एअरबॅग किती, ब्रेकला आणि वळणाला सावरणारे काय काय? टॉप मॉडेलमध्ये जे वाढले ते जीव वाचवणारे की नुसते चकाकणारे? आणि शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर बसवून पाहावे, कारण ह्या मोटारी बाहेरून ऐटबाज असल्या तरी मागे गुडघ्यांना जागा बेताचीच असते. एवढी उत्तरे पटली, तर नावावरचे बोट काढावे, आणि खुशाल पाडव्याला हार घालून मोटार घरी आणावी.