जमिनीचीही सोनोग्राफी हवी

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत जाणवले. अशा वेळी मूल असो की नागपूर, लोक एकच विचारतात, 'पुन्हा कधी?' याचे उत्तर कोणत्याही यंत्राकडे नाही. तारीख-वेळेसह मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांकडे तर मुळीच नाही. विचारायला हवे ते 'कुठे?'

ते शोधण्याची रीत सोनोग्राफीच्या जवळची आहे. पित्ताशयातला खडा प्रतिध्वनीतून दिसतो. जमिनीत बोअर मारून छोटे स्फोट करतात किंवा कंपने देणारा ट्रक वापरतात. खडक बदलला की लहरींचा काही भाग मागे फिरतो आणि वर ओळीने मांडलेले जिओफोन तो टिपतात. सलग थर मध्येच तुटून खाली सरकलेला दिसला, की तिथे भ्रंश असल्याची शंका घ्यायची. कठीण खडकात लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. पस्तीस-चाळीस किलोमीटर जाडीच्या कवचाचा तळ गाठून ती बारा-तेरा सेकंदांत परत येते!

१९६७ च्या कोयना भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथे अशी पाहणी केली. पुढे आंध्रातील गोदावरी खोऱ्यातही केली. त्याच खोऱ्याचा खचलेला पट्टा सिरोंचावरून वर बल्लारपूरकडे येतो. जमीन खचली म्हणून तिथे गाळ साठला, आणि त्यातच आपला कोळसा आहे. कोळसा शोधायला पैसा मिळतो. त्याच पट्ट्यातले भ्रंश खोलवर तपासायलाही तो मिळाला पाहिजे.

'आपल्याकडे मोठा भूकंप होत नाही' हे कारण पुरेसे नाही. किल्लारीचा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसे गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि जड छपरांखाली. भ्रंश कुठे आहे हे कळले, तरी घर कच्चे असेल तर ती माहिती कागदावरच राहते.

म्हणून पाहणीची मागणी करताना दुसरीही करावी. जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या इमारतीची अभियंत्यांकडून तपासणी व्हावी. ऑक्सिजनचे उभे सिलिंडर भिंतीला साखळीने बांधणे, औषधांची उंच कपाटे ठोकून पक्की करणे, याला तर कोणत्याही पाहणीची वाट बघण्याची गरज नाही.